नंबर रोखणारा थेंब

फळा नीट दिसत नाही म्हणून मूल पुढच्या बाकावर सरकते, मग चष्मा लागतो. त्यानंतर दर वर्षी नंबर वाढतो आणि काच बदलते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या अनेक घरांत आईवडील पाळीत कामाला असतात. अशा घरी ‘नंबर वाढायचाच’ म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. ती सोडून देण्याजोगी नाही.

लघुदृष्टीत नेत्रगोल लांबट होत जातो. चष्म्याने लांबचे दिसते, पण ही वाढ थांबत नाही. नंबर फार वाढला तर पुढे दृष्टिपटल सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका वाढतो. अ‍ॅट्रोपिनचे अत्यंत सौम्य थेंब रात्री झोपताना घातल्यास ही वाढ मंदावू शकते. दिल्लीच्या ‘एम्स’च्या पुढाकाराने झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 0.01 टक्के थेंब घेणाऱ्या भारतीय मुलांचा नंबर वर्षभरात सरासरी 0.16 ने वाढला. औषध नसलेले थेंब घेणाऱ्यांचा 0.35 ने. मात्र 2023 मधील अमेरिकी अभ्यासात याच मात्रेचा फायदा दिसला नाही. हाँगकाँगमध्ये 0.05 टक्के मात्रा अधिक परिणामकारक ठरली. म्हणूनच मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. तपासणीसाठी वापरले जाणारे एक टक्क्याचे तीव्र थेंब घरी घालू नयेत. त्यांनी बाहुली मोठी होते, उजेड सोसत नाही, जवळचे धूसर दिसते.

थेंबांनी चष्मा सुटत नाही. उपचार काही वर्षे चालतो, दर सहा महिन्यांनी तपासणी लागते, मनाने औषध बंद केल्यास नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो. हा खर्च आणि रजेचा खाडा रोजंदारीवरच्या कुटुंबाला परवडतोच असे नाही.

म्हणून जबाबदारी केवळ पालकांवर टाकून चालणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत नजर तपासतात. तिथे सापडलेल्या मुलाचा सहा महिन्यांनी पाठपुरावा व्हायला हवा. महापालिकेच्या रुग्णालयांत हे थेंब सवलतीत मिळावेत आणि नेत्रतपासणी सुटीच्या दिवशीही व्हावी. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम राबवला. त्यानंतर अधू नजरेच्या मुलांचे वाढते प्रमाण उतरू लागले. त्यासाठी औषध लागत नाही, मैदान लागते. शाळांची मैदाने वाहनतळ होऊ न देणे हाही नेत्रोपचारच आहे.