शेतात जमतं, मग ओट्यावर का नाही?

थंडी पडली, की रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस सुरू होतात. माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. ज्या मैत्रिणींनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन. वरून पुन्हा शेंगा, पाला ठासून तोंड बंद. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं, की पोपटी तयार!

भाजी, अंडी, कोंबडी सगळं एकाच मडक्यात. पोळी नाही, भात नाही, तरी कोणी उपाशी उठत नाही. आणि गंमत म्हणजे मडकं भरणारे, जाळ लावणारे बहुतेक पुरुषच असतात. त्यांचं कौतुक आठवडाभर पुरतं.

हेच पुरुष रविवारी चिकनची पिशवी ओट्यावर ठेवतात आणि पेपर उघडतात. मग घरातली बाई कामाला लागते. कांदा-खोबरं भाजा, वाटण करा, एका पातेल्यात रस्सा, दुसऱ्यात सुकं, सासऱ्यांसाठी कमी तिखट वेगळं, शिवाय भात, भाकरी, कोशिंबीर. ती जेवायला बसते तेव्हा पातेल्यात रस्साच उरलेला असतो, फोडी संपलेल्या! वर खरकट्या भांड्यांचा ढीग. याला म्हणायचं रविवारची सुट्टी!

हे काही माझ्या एकटीचं रडगाणं नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मात्र 97 मिनिटं. मुळात हात लावणारे पुरुषच थोडे!

म्हणून माझं म्हणणं असं, की पोपटी स्वयंपाकघरात आणावी. एक किलो चिकनला आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू चोळून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात चमचाभर तेल आणि अर्धी वाटी पाणी घाला (गॅसवर तळ लागतो, म्हणून), वर केळीचं पान अंथरा. त्यावर बटाटे, रताळी, गाजर, अख्खे छोटे कांदे, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा आणि चिकन रचा. घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. हाडाजवळचा जाड तुकडा टोचून बघा, रस गुलाबी दिसला तर अजून थोडा वेळ ठेवा. ओव्हन असेल तर हेच सगळं तेलाचा हात लावून ट्रेमध्ये पसरा आणि 200 अंशांवर भाजा. पाऊण तासाने तिथेही टोचून बघायचं. भांडं एक, घासायचंही एकच.

यावर काय ऐकू येणार, ते मला माहीत आहे. "एवढंच केलंस?" "वाटणाशिवाय चव कसली?" अहो, वाटणाचा रस्सा मलाही आवडतो. सणावाराला, पाहुण्यांना तो होईलच. पण बाईची माया तिने किती भांडी खरकटी केली यावर मोजायची का? एका पातेल्यातलं जेवण म्हणजे आळस, हे आपल्याच मनात घट्ट बसलंय. आधी ते आपण काढून टाकायला हवं.

दुसरं म्हणजे, या पदार्थाला "मला जमत नाही" हे कारण चालत नाही. वाटणाचा अंदाज नाही, भाकरी थापता येत नाही, हे एकवेळ मान्य. पण फोडी रचून झाकण ठेवायला काय लागतं? अंधारात, थंडीत, शेतात बसून जे मडकं भरतात त्यांना घरातल्या गॅसवर पातेलं भरता येऊ नये?

तेव्हा येत्या रविवारी चिकनची पिशवी ओट्यावर आली, की पातेलंही तिथेच काढून ठेवा. आणि पेपर? तो त्या दिवशी तुम्ही उघडा!