पिनकोडच्या पोटात

४४२००१. वर्धेकर हा आकडा झोपेतही सांगेल. पण तो कधी फोडून पाहिलाय? ७ × २३३ × २७१. तिन्ही मूळ संख्या.

यंदाचा अंक अशा मोठ्या संख्यांच्या स्वभावावर आहे. निमित्त अर्थातच देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. १९४९ साली त्यांना ६१७४ गवसला: चार अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी तोच हाती येतो. सहा अंकांत मामला इतका सरळ नाही. आम्ही आपला पिनकोडच घेतला. ४४२१०० वजा १२४४, उरले ४४०८५६. असं करत सातव्या वजाबाकीला ४२०८७६ आला, आणि तिथून गडी सात संख्यांच्या फेऱ्यात जो अडकला तो अडकलाच!

खिशात मोबाइल आला आणि हाताने वजाबाकी करणं सुटलं. आमच्या मते त्यासोबत ही मजाही गेली. म्हणून या अंकात सूत्रं कमी, कागद-पेन्सिलीचे खेळ जास्त.

आर्वी, हिंगणघाट, पुलगावच्या वाचकांनो, आपापला पिनकोड असाच चालवून बघा. कुठे थांबतो की फिरतच राहतो, ते कळवा. वजाबाक्यांचा कागदही जोडा, खाडाखोडीसकट.