नागरिक राजीनामा देतो, आपण 'पळून' जातो

कंपनीच्या ऑफिसात चिकटवलेला इंग्रजी कागद कधी सावकाश वाचून बघा. 'सिटिझन' आला की पुढे अप्लाय करतो, डिमांड करतो, रिझाईन करतो असं काहीतरी येतं. 'एक्सपॅट' असेल तर तो रिलोकेट होतो, सेटल होतो. आणि 'वर्कर' आला की? रिक्रूट केला, डिप्लॉय केला, ट्रान्सफर केला, डिपोर्ट केला. आपण स्वतः काही करतच नाही, जे काय ते आपल्याला केलं जातं. डिप्लॉय तर फौजेला करतात नाहीतर मशीनला.

एकच क्रियापद आपल्या हातात दिलंय, 'ॲबस्काँड'. म्हणजे गुन्हा करून फरार होणं. आपल्याकडे पेपरात फरार कोण असतो? आरोपी.

आमच्या रूममधल्या एकाचा चार महिन्यांचा पगार थकला होता. त्याने काम सोडलं. कंपनीने लिहून दिलं, वर्कर ॲबस्काँडेड. पगार कंपनीने बुडवला आणि फरार हा! वर आम्हीसुद्धा घरी फोनवर सांगत होतो, 'तो पळाला.' याची मला आजही लाज वाटते.

शब्दाने काय होतं, असं म्हणू नका. इथे कतारमध्ये 2004 च्या कामगार कायद्याच्या कलम 51 प्रमाणे मालक कराराचं पाळत नसेल, तर कामगार नोटीस न देता करार संपवू शकतो. 2020 च्या 19 नंबरच्या कायद्याने नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही. दोन वर्षांपर्यंत नोकरी झाली असेल तर एक महिन्याची नोटीस, जास्त झाली असेल तर दोन महिन्यांची. कायद्याच्या भाषेत करार 'संपवणारा' तुम्ही आहात. पण कागदावर 'ॲबस्काँड' पडलं की पोलीस, दंड, डिपोर्ट, आणि तुमचं म्हणणं सगळ्यात शेवटी.

म्हणून भावांनो, कॅम्प सोडायच्या आधी लेखी द्या. व्हॉट्सॲपवर दिलं तरी स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार पहिली तुमची गेली पाहिजे. टायपिंग सेंटरवाला घाईत 'रनअवे' टाकायला लागला तर त्याला थांबवा, सरळ सांगा, 'पगार दिला नाही म्हणून मी काम सोडलं, असं लिही.' सही करायच्या आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. पाच मिनिटं उशीर होईल, मागची लाईन ओरडेल. ओरडू दे.