कंसातले फडके (थ्रेड)

अल्बर्ट एलिस आणि विंडी ड्रायडन यांच्या १९८७ च्या इंग्रजी ग्रंथात एक मराठी आडनाव येते : फडके (१९८२). एलिस यांनी १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा कणा म्हणजे अविवेकी समजुतींचे खंडन. हे खंडन तीन पायऱ्यांनी होते. समजूत हुडकायची, तिच्याशी वाद घालायचा आणि विवेकी समजुतीपासून ती निराळी ओळखायची. या पायऱ्यांचे श्रेय मुंबईच्या कि. मो. फडके यांना आहे, अशी नोंद खुद्द संस्थापकाच्या पुस्तकात आहे.

फडके आणि एलिस यांचा पत्रव्यवहार १९६८ मध्ये सुरू झाला आणि तीन दशकांहून अधिक काळ चालला. ही शिष्याने उतरवलेली पोथी नव्हे. मूळ सिद्धान्तात घातलेली भर आहे.

जगाला दिसते ते एवढेच, एक आडनाव आणि कंसातले साल. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी किंवा आनंद नाडकर्णी यांनी ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून केलेले मराठी लेखन-व्याख्यान आंतरराष्ट्रीय संदर्भसूचीत जवळजवळ वजनशून्य ठरते. वास्तविक खरे प्रयोग इथेच झाले. एलिस ज्या ‘मस्ट’वर बोट ठेवतात, तो मराठीत एका अक्षरात मावतो : ‘च’. ‘व्हायलाच पाहिजे.’ (इंग्रजी अभ्यासकांनी या अव्ययाचा हेवा करावा!)

तरीही सगळा दोष सूचीकारांच्या माथी मारणे सोयीचे होईल. या मराठी लेखनाचा वाचक बहुतांशी शहरी, सुशिक्षित. बीड जिल्ह्यातील तेलगावात साखर कारखाना आहे. याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाची उचल अंगावर घेऊन परमुलखात ऊसतोडीला निघतो. त्याच्या चिंतेसमोर फडक्यांची तिसरी पायरी सर्वांत कठीण होते. ‘कर्ज फिटले नाही म्हणजे मी नालायक’ ही अविवेकी समजूत; ती खोडता येते. उचल मात्र समजूत नव्हे, ती मुकादमाच्या वहीत लिहिलेली रक्कम आहे. आणि ‘ठरलेली मजुरी मिळालीच पाहिजे’ यातला ‘च’ उपचाराने काढून टाकण्याजोगा नाही.