मास्तर, गर्दी दाखवा

मास्तर, तुम्ही वर्गात लिंकनचा फोटो दाखवला. म्हणाले, यानं गुलामी मोडली. घंटा झाली, धडा खलास. धानोऱ्याकडं मी एवढंच शिकलो. मॅट्रिक झालो अन् मुंबईच्या गोदीत हमालीला लागलो. तिथं एका दोस्तानं पुस्तकातला एक फोटो दाखवला. तेव्हा कळलं, तुम्ही जिथं पुस्तक मिटलं तिथूनच धडा सुरू होतो.

१८६५ ला अमेरिकेत गुलामी कायद्यानं गेली. जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेच्या त्या लोकांनाच अर्पण केली. काळे पुरुष मतं टाकत होते, सिनेटमध्ये बसले होते. १८७७ ला दक्षिणेतलं लष्करी संरक्षण गेलं अन् गोऱ्यांनी सगळं हिसकून घेतलं. मत गेलं. शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. वळखीचं वाटतं ना?

आता तो फोटो. ७ ऑगस्ट १९३०, इंडियाना राज्यातलं मॅरियन गाव. झाडाला टांगलेले दोन काळे तरुण, थॉमस शिप अन् अब्राम स्मिथ. खाली गोरी गर्दी. कोणी हसतंय, एकजण बोट दाखवतोय. तोंड कोणी लपवत नाही. या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. गुलामी जाऊन ६५ वर्षं झाली होती! त्याच १९३० च्या मार्चात आपली माणसं नाशकात काळारामाच्या बंद दाराशी उभी होती.

गावी आलो तेव्हा हे तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, "लायन्या पोराईले असं कायले दाखवाचं बे?"

मास्तर, तुमचं अर्धं खरं आहे. प्रेत म्हणजे तमाशा नव्हे. १९५५ ला मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला ठार केलं. त्याच्या मायनं शवपेटी उघडी ठेवली, जगाला पाहू दिलं. तो निर्णय मायचा होता. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे घरातली चौघं मारली. अस्पृश्यता कायद्यानं जाऊन ५६ वर्षं झाली होती. प्रेतांचे फोटो हातोहात फिरले. त्या मायलेकींना कोणी विचारलं होतं?

म्हणून प्रेत झाका, गर्दी दाखवा. पोरांना विचारा: कोण हसतंय? कॅमेरा कोणी लावला? प्रत कोणी विकत घेतली? मॅरियनच्या फोटोत एवढी तोंडं स्वच्छ दिसतात, पण त्या खुनांसाठी एकालाही शिक्षा झाली नाही. खैरलांजीच्या फोटोंत प्रेतं आहेत, गर्दी नाही. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठजणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. म्हणजे जात कुठं गेली? चौकटीच्या बाहेर!

पोरांना चौकटीच्या बाहेर बघायला शिकवा. नुसता चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून भागणार नाही. नाहीतर मास्तर, उद्याच्या एखाद्या फोटोत झाडाखाली तुमचाच विद्यार्थी उभा असंल. हसत.