अल्प शिक्षा, पण तत्काळ

सद्वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या मुलाने हजेरी तीनदा चुकविली तरी कोणी हटकू नये, आणि चौथ्या खेपेस एकदम सुधारगृहाची वाट दाखवावी, यास न्याय म्हणावे की सोडत? २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तीन वर्षांपर्यंत परिवीक्षेची सोय केली आहे. ती राबविण्याची रीत मात्र पारखूनच ठरवावी. होनोलुलूचे न्यायाधीश आल्म यांनी २००४ साली प्रौढांच्या प्रत्येक चुकीस तत्काळ, ठराविक व अल्प कैदेचा क्रम घातला. त्याचा गाजावाजा झाला. पण अमेरिकेतच अन्य चार ठिकाणच्या कसोटीत, २०१६ साली, तो जुन्या रीतीहून सरस ठरला नाही. आमच्या मुलांस कैद नकोच. दुसऱ्याच दिवशी दोन तास समाजसेवा पुरे. सोलापुरात काही मुलांपुरता हा प्रयोग करून, नावे झाकून, फळ जाहीर करावे. मात्र ब्रिटिश अमलात येथील सेटलमेंटच्या तारेआड जन्मावरून हजेरी घेतली जाई. ही हजेरी कृत्यावरूनच, आणि शेटजींच्या चिरंजीवांचीही, घेतली पाहिजे.