गळाला काय लावू?

दिवाळी अंकात मासळीचा विषय काढणे म्हणजे अनारशांच्या डब्यात सुका बांगडा ठेवण्यासारखे आहे, यावर आमच्या घरात एकमत आहे. पण आलेल्या पत्राला उत्तर देणे हा या सदराचा धर्म. आणि यंदाचे एक पत्र मोठे गोड आहे. रत्नागिरीकडचे एक निवृत्त शिक्षक लिहितात, ‘मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. पुढच्या ऑगस्टअखेर तो मला तळ्यावर वॉलआय धरायला नेणार आहे. जन्मभर खाडीत गरवले, पण तळ्याचा अनुभव नाही. साहित्य कोणते घ्यावे?’

गुरुजी, या प्रश्नाला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार माझ्याकडे आहे. मुलीकडे गेलो की माझे उन्हाळे त्याच राज्यात, जावयाच्या होडीत जातात.

आधी माशाची ओळख. वॉलआय हा गोड्या पाण्यातला, सोनेरी-हिरवट अंगाचा, दातांचा शिकारी मासा. 1965 पासून तो मिनेसोटाचा राज्यमत्स्य आहे. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘ओगा’ म्हणतात. त्याचे डोळे अंधारात विजेरीच्या उजेडाने मांजरासारखे चमकतात. आपल्या जिताड्याचे डोळेही असेच चमकतात, हे तुम्हांला सांगायला नको. डोळ्यामागच्या चकचकीत पडद्यामुळे त्याला अंधुक उजेडात चांगले दिसते. म्हणून भर दुपारच्या लख्ख उन्हात तो खोल पाण्यात किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला राहतो, आणि दिवेलागणीला भक्ष्य शोधायला निघतो. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की खाली उजेड कमी पोहोचतो. अशा दिवशी तो दुपारीही लागतो. आपण ज्या वाऱ्याला नावे ठेवतो, त्यालाच तिकडचे गरवणारे दुवा देतात.

आता ऑगस्टअखेरीची गोष्ट. इकडे आपण गणपतीच्या तयारीत असतो, तेव्हा तिकडची तळी उन्हाळाभर तापलेली असतात. खोल तळ्यात ऊन, हलके पाणी वर आणि थंड, जड पाणी खाली असे थर पडतात. पुष्कळ तळ्यांत खालच्या थरातला प्राणवायू एव्हाना संपत आलेला असतो. म्हणजे साठ फूट खोल तळ्याच्या अगदी तळाशी गळ सोडला, तर तो रिकाम्या घराची कडी वाजवण्यासारखा प्रकार होतो. मासे त्या थराच्या वर, बहुधा वीस-तीस फुटांवर, बुडालेल्या टेकाडांच्या कडांना सापडतात. हल्ली होडीतले यंत्र प्रतिध्वनीवरून खोली आणि मासेही दाखवते. पण दाखवलेला मासा तोंड उघडेलच, अशी हमी ते देत नाही.

साहित्य म्हणाल तर साडेसहा-सात फुटांची हलकी, शेंड्याला लवचीक काठी, लहान रीळ आणि दहा पौंडी विणीव दोरी. टोकाला तीन-चार फूट सहा पौंडी तंगूस आणि बारीक गळ. एवढे एकदा झाले की पुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट सावकाशीची. दोरीत सरकते शिसे ओवायचे, त्याखाली तंगूस आणि गळ. आमिष म्हणून जळू किंवा बोटभर जाड गांडूळ. हो, जळूच! आपल्याकडे वैद्य लावत, तिकडे ती दुकानात विकत मिळते. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी शिशातून मोकळी सरकते. त्याला वजन जाणवत नाही. तो ओढील तेवढी दोरी घटकाभर द्यायची, मग काठी उचलायची.

दुसरी वाट मध्यम चालीची. काटकोनात वाकवलेल्या तारेवर शिसे, मागे हातभर दोरी, त्यावर मणी आणि गिरक्या घेणारे चमकते पाते, शेवटी गांडूळ. होडी ताशी मैलभराच्या गतीने चालवायची. दर दहा फूट खोलीला एक औंस शिसे, हा सोपा हिशेब. ऑगस्टात ही युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटते. ऊन पाण्यात माशाची भूक आणि चाल दोन्ही वाढतात. पळत्या आमिषामागे तो धावतो.

तिसरी वाट वेगाची. माशाच्या आकाराचे नकली आमिष ताशी दोन-अडीच मैलांनी ओढायचे. ते खोल न्यायला पोटात शिसे असलेली दोरी मिळते. तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो, म्हणून किती दोरी सोडली ते रंग मोजून कळते.

इतके सांगून मी थांबलो असतो. पण गुरुजी, खरा प्रश्न यापुढे आहे. धरलेला मासा तुम्ही खाणार की सोडणार?

परवाच्या उन्हाळ्यात शेजारच्या होडीतला एक गृहस्थ खोल पाण्यातून मासे काढून, फोटो घेऊन, मोठ्या प्रेमाने परत सोडत होता. थोड्या वेळाने त्यांतले दोन पांढरे पोट वर करून आमच्या बाजूला वाहत आले. माझी नात म्हणाली, ‘आजोबा, त्याने सोडला ना? मग हा मेला कसा?’

मेला, कारण वॉलआयच्या पोटात हवेची बंद पिशवी असते. घोळीच्या पोटातल्या अशाच पिशवीला बाजारात सोन्याचा भाव येतो. तीस फुटांखालून मासा झटकन वर आणला की दाब उतरतो, पिशवी फुगते, आणि तिच्यातली हवा त्याला चटकन सोडता येत नाही. शिवाय ऊन पाण्यात झुंजून तो आधीच दमलेला असतो. सोडलेले सगळे मासे जगतात, हा आपल्या मनाच्या समाधानाचा हिशेब आहे.

सरकारचा हिशेब वेगळा आहे. मिल लॅक्स या सव्वा लाख एकरांहून मोठ्या तळ्यावर वॉलआय कमी झाले, तेव्हा 2015 साली 3 ऑगस्टपासून त्यांची धरणी बंद झाली. 2016 च्या उन्हाळ्यात धरलेला प्रत्येक वॉलआय सोडावा लागे. सोडल्यावर मरणाऱ्या माशांचा अंदाजही वाट्यातून वजा होतो. म्हणून 2017 च्या जुलैत धरून सोडणेही काही आठवडे बंद ठेवावे लागले.

तेव्हा माझा सल्ला असा. खायचे असेल तर खोल पाण्यात जा, पहिले नियमात बसणारे मासे ठेवा, आणि जेवणापुरते झाले की गळ गुंडाळा. त्या तळ्याचे त्या वर्षीचे नियम आधी वाचा, ते बदलतात. नुसता खेळ खेळायचा असेल, तर सूर्य कलल्यावर उथळ खडकांवर या. तरंगत्या बुचाखाली जळू सोडा, गळाची उलटी नखी चिमट्याने दाबून टाका, आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ धरू नका. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस कापा.

साहित्याच्या दुकानात शंभर रंगांची आमिषे लटकलेली दिसतील. विकणारा एकेकाचे गुण गाईल. त्याच्यासमोर उभे राहण्याआधी मुलाला एवढेच विचारा, ‘आज रात्री घरी जेवायला किती माणसे आहेत?’ त्या उत्तरावरून खोली ठरेल, खोलीवरून शिसे, आणि शिशावरून बाकीचे सगळे.